मुलगी परदेशी दिली

"परदेशी तूच का?"

स्टुडिओच्या पायरीवर एक उंचापुरा म्हातारा उभा होता. पांढरं धोतर, पांढरी टोपी, खांद्याला पिशवी आणि आवाज असा, की समोरच्या पैठणीच्या दुकानातलं गिऱ्हाईकही वळून बघायला लागलं.

"हो, मीच परदेशी," मी म्हणालो.

"खरा परदेशी?"

"बोर्ड वाचा ना बाबा."

त्यांनी मान वर करून अक्षर अक्षर लावत मोठ्यानं वाचलं, "परदेशी फोटो स्टुडिओ, येवला. पासपोर्ट फोटो अर्ध्या तासात." पासपोर्टपाशी ते थबकले आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून मान डोलावली.

"पासपोर्टबी हाये म्हंजे. झ्याक. मी निंबा खैरनार, सटाण्याकडून आलो. हेमलताचा मोठा चुलता. तुह्या बापाला बोलव, बोलायचंय."

माझ्या हातातली फिल्मची डबी खाली पडली आणि गडगडत टेबलाखाली गेली. हेमलता हे नाव मी वर्षभर मनातल्या मनात घेत होतो. दुसऱ्या कुणाच्या तोंडून, तेही इतक्या मोठ्यानं, भर बाजारपेठेत ऐकायची सवय नव्हती.

हेमलता म्हणजे आमच्याच गल्लीतल्या भाऊसाहेब खैरनारांची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेलेली. भाऊसाहेब तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते, आणि अव्वल कारकून निवृत्त झाला की गावात त्याला काम उरत नाही, फक्त वजन उरतं. ते वजन त्यांनी सगळं एका शब्दावर टाकलं होतं. "मी पोरगी देईन तर परदेशीच देईन," असं ते सलूनमध्ये सांगत, दूध डेअरीवर सांगत, कुणाच्या दहाव्याला गेले तरी सांगून येत. "परदेशी" म्हणताना त्यांची नजर आपोआप वर आभाळाकडे जायची. गावचे लोकही बेरकी. त्यांनी "कोणत्या देशात हो भाऊसाहेब?" असं विचारलं की ते म्हणायचे, "देशाचं काय, परदेश म्हणजे परदेश."

आणि त्याच गल्लीत, चार घरं सोडून, आम्ही राहत होतो. आडनावानं परदेशी. माझ्या पणजोबांचे पणजोबा बुंदेलखंडातून कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले. फौज परत गेली, आम्ही राहिलो. तेव्हापासून आम्ही परदेशी. आजी कधी रागावली तर हिंदीसारखं काहीतरी पुटपुटायची, ते आम्हाला नीट कळायचंही नाही. एकदा वडील हौसेनं मूळ गाव शोधायला झाशीकडे गेले होते. तिथल्या लोकांनी त्यांना प्रेमानं पाणी पाजलं आणि घरात वर्दी दिली, "मराठा आया है." वडील पुढच्याच गाडीनं परत आले.

हेमाचे फोटो मीच काढायचो. प्रत्येक नव्या परदेशी स्थळाला नवा फोटो जायचा. भाऊसाहेब तिला घेऊन यायचे आणि दारातूनच ओरडायचे, "परदेशी, परदेशात जाणारा फोटो आहे, लाइट जास्त लाव." मग ते बाहेर बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगायचे. आत मी लाइट लावत बसायचो, जरा जास्तच वेळ.

"इतके फोटो कुठं कुठं गेले असतील हो?" एकदा तिनं विचारलं होतं.

"अमेरिका, कॅनडा, दुबई," मी म्हणालो. "तुम्ही हलू नका."

"आणि मी कुठं गेले? येवल्याच्या बाहेर मनमाड. तेही गाडी बदलायला." मग हळूच म्हणाली, "एक फोटो इथंच ठेवा ना. एवढे परदेशी पाठवता, एक परदेश्याकडे राहू द्या."

फोटो हलला होता. तो मी कुणालाच पाठवला नाही.

तर अशा त्या हेमाला त्या दिवशी दुपारी बघायला नाशिकहून देवरे मंडळी येणार होती. मुलगा अमेरिकेत डेट्रॉइटला. भाऊसाहेबांनी मला कार्यक्रमाचे फोटो काढायला बोलावलं होतं. सकाळपासून मी फ्लॅश साफ करत होतो आणि तो साफ होत नव्हता. आणि अशा वेळी हे निंबाआप्पा दारात.

मी त्यांना गल्लीतल्या आमच्या घरी घेऊन गेलो. वडील पेपर वाचत होते. आप्पा खुर्चीत ऐसपैस बसले, पिशवीतून चंची काढली आणि सरळ मुद्द्यावर आले.

"दामूचा, मह्या धाकट्या भावाचा, निरोप होता, हेमाचं परदेशी ठरतंय, तुम्ही येऊन सुपारी फोडा. स्टँडवर उतरलो आन् विचारलं, परदेशी कुठं ऱ्हातात? दहा जणांनी तुमचाच बोर्ड दाखवला."

वडिलांनी पेपर खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मी घसा साफ करून म्हणालो, "आप्पा, जरा घोटाळा..."

"रतन," आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली, "आप्पांना पाणी दे." मी पाणी आणायला गेलो, तर तिनं माझा कान धरला. "तोंड उघडशील तर बघ," ती दात-ओठ खात म्हणाली. "तो हललेला फोटो तुझ्या गादीखाली का आहे, ते मला माहीत नाही असं वाटतं का तुला?"

बाहेर आप्पांची चौकशी सुरू होती.

"तिकडून येऊन किती दिवस झाले म्हणायचे तुम्हाला?"

"दोनशे वर्षं तरी झाली असतील," वडील प्रामाणिकपणे म्हणाले.

"दोन वर्सं? बरं." हेमा एकदा म्हणाली होती, आप्पांना जरा कमी ऐकू येतं. "परत जायचा इचार?"

"परत कुठं जाणार आप्पा? तिकडे आम्हाला ओळखतं कोण! इथं जन्मलो, इथंच लाकडं जाणार."

"हे ब्येस. मला तीच काळजी होती. परदेशी म्हंजे पोरगी लांब जाती. मग दामूकडं बघायचं कुणी? एकटा माणूस." आप्पा खिडकीकडे वळले. "हितून दामूचं घर किती लांब?"

"हाक मारली तर ओ येते."

"हां." आप्पांनी चंचीतून एक सुपारी काढली, अडकित्त्यात धरली आणि कट्‌कन फोडली. एक खांड स्वतःच्या तोंडात टाकलं, एक वडिलांपुढे केलं. वडील बिचारे सुपारी खात नाहीत, पण पाहुण्याला नाही कसं म्हणायचं म्हणून त्यांनी ते तोंडात टाकलं. दारातून बघत असलेल्या आईनं लगेच साखरेची वाटी आणून आप्पांच्या हातावर चिमूटभर साखर ठेवली. हे सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच झालं.

"चला," आप्पा उठले. "दुपारी भेटू दामूकडं."

दुपारी मी कॅमेरा घेऊन भाऊसाहेबांच्या घरी गेलो. दारात पांढरी मोटार उभी होती आणि तिच्याभोवती निम्मी गल्ली. आत बैठकीत देवरेकाकू, त्यांचा मुलगा हर्षल आणि भाऊसाहेब. भाऊसाहेबांनी त्या उकाड्यात कोट घातला होता. आप्पा मधोमध, भिंतीला टेकून.

हर्षल गरीब गाय होता. चार शब्द बोलायचा, त्यातले दोन "सॉरी". बोलायचं सगळं खातं देवरेकाकूंकडे होतं.

"आमच्याकडे असा उकाडा नसतो," काकू पदरानं वारा घेत म्हणाल्या. "आमच्याकडे आता गुडघाभर बर्फ."

"नाशिकला?" आप्पांनी विचारलं.

"नाशिकला नव्हे हो, तिकडे! डेट्रॉइटला."

"तुमी जाऊन आल्या वाटतं?"

"अजून नाही, व्हिसा व्हायचाय," काकू म्हणाल्या. "पण आमच्याकडे सगळं कसं स्वच्छ. तुमच्याकडे धूळ फार."

हर्षल म्हणाला, "सॉरी."

तेवढ्यात आप्पांचं लक्ष दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे गेलं. त्यांचा चेहरा फुलला. "या जावईबापू! असे दारात काय? या, हितं मह्याशेजारी बसा."

देवरेकाकूंचा वारा घेणारा पदर हवेतच थांबला.

"आप्पा," भाऊसाहेब हसल्यासारखं करत म्हणाले, "तो फोटोग्राफर आहे."

"आसंल की. माणसाला धंदा पाह्यजेच."

"आप्पा, परदेशी मुलगा हा. हा इथं बसलाय तो!"

आप्पांनी हर्षलकडे नीट पाहिलं. "काय आडनाव पोरा तुहं?"

"देवरे."

"मग तू देवरे. परदेशी कसा?" आणि माझ्याकडे बोट करून, "ह्यो परदेशी. ह्याचा बाप परदेशी. बोर्ड हाये, पासपोर्टबी हाये. सकाळी सुपारी फोडून आलो मी. तुहाच निरोप होता ना, का परदेशी ठरतंय म्हणून?"

भाऊसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी एकदा आप्पांकडे, एकदा देवरेकाकूंकडे, आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, की मी कॅमेरा छातीशी घट्ट धरला.

"सुपारी खाल्ली म्हणजे सुपारी फुटली असं होत नाही, आप्पा!"

"मह्या हातानं फुटली, त्यांच्या तोंडात गेली, वर त्यांच्या घरची साखर मी खाल्ली. अजून कशी फुटती रं? ढोल लावून?"

"हा काय पोरखेळ चाललाय?" देवरेकाकू कडाडल्या. "आमचा हर्षल एनआरआय आहे!"

"ते काय असतं?"

काकूंनी मुलाला कोपरानं ढोसलं. हर्षल म्हणाला, "म्हणजे, सॉरी, अनिवासी भारतीय."

"अनिवासी," आप्पांनी शब्द सुपारीसारखा चघळला. "म्हंजे ऱ्हात न्हाई तो. कुठं ऱ्हात न्हाई?"

"इथं."

"आन् तिकडं ऱ्हातो तर तिकडचे तुला काय म्हंतात?"

हर्षलनं जरा विचार केला. "एलियन म्हणतात. कागदोपत्री. म्हणजे परका."

"घ्या! हितं ऱ्हात न्हाई म्हणून अनिवासी, आन् तिकडं ऱ्हातो तरी परका. आन् ह्यांना बघ, दोन वर्सं झाली येऊन..."

"दोनशे," मी म्हणालो. त्या बैठकीतला माझा तो पहिलाच शब्द.

"दोनशे! तरी परदेशीच." आप्पांनी मान हलवली. "दामू, मला अडाण्याला काय कळत न्हाई बाबा. तूच सांग, ह्यातला परदेशी कोण?"

भाऊसाहेब आता तांबडे-लाल झाले होते. खरी गोष्ट तोंडातून निसटली. "आप्पा, ते आपल्यातले नाहीत. ते बाहेरचे लोक आहेत! उद्या गावात काय तोंड दाखवू मी?"

हे वाक्य मला लागलं. खोटं कशाला बोलू? ज्या गावात माझ्या पाच पिढ्या जळल्या, त्या गावात मी बाहेरचा, आणि जो मोटारीतून तासाभरासाठी उतरला तो आपल्यातला. मी पाठ फिरवून निघालोच होतो. तेवढ्यात आतून पोह्यांचा ट्रे घेऊन हेमा आली.

तिनं ट्रे खाली ठेवला. पहिली बशी आप्पांना दिली, दुसरी हर्षलला. तिसरी माझ्या हातात देऊन ती वडिलांकडे वळली.

"भाऊ, एक विचारू? सलूनमध्ये, डेअरीवर, सगळ्या गावाला तुम्ही काय सांगितलंय?"

"काय?"

"पोरगी परदेशीच देईन."

"मी परदेशी म्हणालो होतो!"

"मग मी कुठं वेगळं म्हणते?"

बाहेर खिडकीला लागलेली गल्ली खो-खो हसली. सलूनवाला रघू तिथंच होता, तो ओरडला, "बरोबर आहे भाऊसाहेब, मी साक्षीला आहे!"

हेमा मात्र हसत नव्हती. "भाऊ, आई गेली तेव्हापासून तुमच्या पोळ्या मी करते. मी तिकडे गेल्यावर तुम्ही काय खाणार? परदेशातून आलेला फोटो?"

भाऊसाहेब आप्पांकडे बघत राहिले. नोकरी लागेपर्यंत ते आप्पांच्याच घरात वाढले होते, आप्पांच्या शब्दापुढे त्यांनी जन्मात कधी ब्र काढला नव्हता. आप्पा शांतपणे पोहे खात होते.

प्रश्न सोडवला तो हर्षलनं. तो उठला, भाऊसाहेबांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काका, सुपारी फुटली असेल तर आम्ही मध्ये येणं बरं नाही. सॉरी." देवरेकाकू "बघून घेईन" वगैरे म्हणत मोटारीकडे निघाल्या. माझ्याजवळून जाताना हर्षल थांबला, आवाज खाली करून म्हणाला, "पासपोर्ट फोटो खरंच अर्ध्या तासात मिळतात का हो? मला हवे होते. तिकडे फार महाग पडतात."

मी त्याचे फोटो फुकट काढले. आयुष्यात इतक्या मनापासून कुणाचा फोटो काढला नव्हता.

लग्न झालं. भाऊसाहेब बोहल्याजवळ लाकडाच्या ओंडक्यासारखे उभे होते. पण अव्वल कारकून तो अव्वल कारकून, कागदात पळवाट शोधल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी लांबच्या नातेवाइकांना सांगायला सुरुवात केली, "मुलगी परदेशी दिली." वाक्यात एका काना-मात्रेचा खोटेपणा नव्हता. धुळ्याची एक आत्या कित्येक वर्षं हेमाकडे सेंटची बाटली मागत होती. "तिकडून येताना आण गं," असा तिचा निरोप यायचा, आणि हेमा येवल्याच्या बाजारातली बाटली तिला पाठवून द्यायची.

माझ्याशी मात्र भाऊसाहेब कामापुरतंच बोलायचे. "परदेशी, दार लावून घ्या." "परदेशी, छत्री राहिली." जावयाला आडनावानं हाक मारणारा सासरा मी दुसरा पाहिला नाही.

पुढे आप्पांचं सहस्रचंद्रदर्शन झालं, त्याचे फोटो काढायला मी गेलो. पाटावर बसलेल्या आप्पांना मी विचारलं, "आप्पा, त्या दिवशी तुमची खरंच चूक झाली होती का हो?"

"कसली चूक?"

"परदेशीची. तुम्हाला ऐकू कमी येतं म्हणून..."

"मला?" आप्पा खदाखदा हसले. "मला भिंतीपल्याडचं ऐकू येतं! अरे, हेमाचा फोन आलता सरपंचाच्या घरी, आदल्या दिवशी. म्हणाली, आप्पा, भाऊंनी परदेशी ठरवलाय आन् मीबी परदेशीच ठरवलाय. मी म्हणलं, मग अडचण काय? तर म्हणाली, ते तुम्ही हितं येऊन बघा. स्टँडवर उतरा आन् परदेशी कुठं ते विचारा. गाव ज्याच्याकडं बोट दाखवील, तो माझा."

मी कॅमेरा खाली घेतला. मंडपात पलीकडे हेमा आहेराच्या साड्या मोजत होती. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. इतकी वर्षं संसार केला, आणि बाईनं एका शब्दानं कळू दिलं नव्हतं.

आता आमची केतकी जर्मनीत नोकरीला आहे, म्युनिकला. भाऊसाहेब थकलेत. मध्यंतरी मोरीत पाय घसरून पडले, तेव्हापासून काठीशिवाय हलत नाहीत. हेमा दोन्ही वेळचा डबा घेऊन त्यांच्याकडे जाते, आणि त्यांना अंघोळ मी घालतो. संध्याकाळी ते काठी टेकत माझ्या स्टुडिओच्या बाकावर येऊन बसतात. तिथंच केतकीचा फोन येतो.

परवा ती सांगत होती, "आजोबा, इथं ऑफिसात सगळे विचारतात, तुझ्या आडनावाचा अर्थ काय? मी सांगते, परदेशी. तर म्हणतात, ते दिसतंच आहे, पण आडनावाचा अर्थ काय?"

मी पोट धरून हसलो. भाऊसाहेब हसले नाहीत. फोन ठेवल्यावर त्यांनी काठी जवळ ओढली.

"कधी यायची म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीला बहुतेक. सुट्टी मिळाली तर."

"फार लांब आहे रे ते." "रतन, मी पडलो त्या दिवशी मोरीतून नुसती हाक मारली होती. आणि तुम्ही दोघं आलात."

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी उगाच लेन्स पुसायला घेतली.

तेवढ्यात कुणीतरी नवे तलाठी पासपोर्ट फोटोसाठी आले. म्हाताऱ्या माणसाशी काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "काय आजोबा, मुलंबाळं कुठं असतात?"

भाऊसाहेब काठीवर रेलून ताठ बसले. नजर जुन्या सवयीनं वर गेली.

"नात परदेशी असते," ते म्हणाले.

"वा! आणि मुलगी?"

"तीही परदेशीच दिलीय." आणि काठी उचलून त्यांनी गल्लीत दाखवलं. "ही काय, चार घरं सोडून."